डोळ्यात चुना, ॲसिड, फिनाईल गेलं तर आधी नळ, मग रिक्षा

हे वाचताना शेजारी मूल डोळा मिटून किंचाळत असेल, तर पुढचं वाचू नका. त्याला उचला, मोरीत न्या, डोळा बोटांनी उघडा आणि पाणी सोडा. डॉक्टरांना फोन दुसरं कोणीतरी करेल. निदान वीस मिनिटं पाणी चालू ठेवा, मग परत इथे या.

आता ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी.

मुलाच्या डोळ्यात काही उडालं की घरातली मोठी माणसं पहिल्यांदा काय करतात? चपला शोधतात. एक जण रिक्षा बघायला खाली पळतो, दुसरा फाईल आणि पाकीट घेतो, आजी ओल्या पदराने डोळा पुसते आणि मूल तसंच उचलून दवाखान्याकडे निघतात. ठाण्यात कासारवडवलीहून माजिवड्याला यायला संध्याकाळी किती वेळ लागतो हे घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना सांगायला नको. कोपरखैरण्याहून वाशी जवळ असली तरी केसपेपर, रांग, डॉक्टर वर ऑपरेशन थिएटरमध्ये असणं हे सगळं असतंच. तेवढा सगळा वेळ ते रसायन डोळ्यात आपलं काम करत बसलेलं असतं. डोळा किती वाचणार हे ठरवणाऱ्या गोष्टींतली तुमच्या हातातली गोष्ट एकच: पहिलं पाणी किती लवकर पडलं आणि ते किती वेळ पडत राहिलं. पुढचं कुठलंही औषध, कितीही महाग असलं तरी, त्या पहिल्या काही मिनिटांची भरपाई करू शकत नाही.

लोकांना ॲसिडची भीती जास्त वाटते. ती असायलाच हवी, पण डोळ्याच्या बाबतीत खरा घातकी प्रकार म्हणजे अल्कली: चुना, ओलं सिमेंट, तुंबलेलं सिंक उघडायची पावडर, पाणी शुद्ध करायला टाकायची टीसीएल पावडर, अमोनियाची द्रव्यं. बहुतेक ॲसिडं डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं गोठवतात. लिंबू पिळलं की दूध फाटतं तसा प्रकार होतो आणि तो गोठलेला थर पुढच्या ॲसिडला थोडंफार अडवतो. अल्कलीचं तसं नाही. पेशींच्या आवरणात स्निग्ध पदार्थ असतात, त्यांचा अल्कली अक्षरशः साबण करून टाकते. आवरण विरघळलं की वाट मोकळी, आणि ती आत उतरत राहते. कॉस्टिक सोडा काही मिनिटांत कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पार करून डोळ्याच्या आतल्या पाण्यापर्यंत पोचू शकतो, अमोनिया त्याहूनही लवकर. म्हणून वरवर फार काही दिसत नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नसतो.

चुन्याची ट्यूब

आपल्याकडे मुलांच्या डोळ्याला अल्कली लागते ती कारखान्यात नाही, घरात. पानाच्या टपरीवर मिळणारी खायच्या चुन्याची छोटी ट्यूब किंवा प्लास्टिकची पुडी आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात, टीव्हीच्या शोकेसवर, कामाला येणाऱ्या मावशींच्या पिशवीत सापडते. ट्यूबच्या तोंडाशी चुना वाळून खडा झालेला असतो. मूल ती खेळायला घेतं, दाबतं, काही येत नाही. मग ते तोंड आपल्याकडे वळवून, डोळ्याजवळ धरून आत बघतं आणि दोन्ही हातांनी जोर लावतं. खडा उडतो आणि मागचा सगळा चुना एका दमात डोळ्यात जातो. पुडीचं तेच: दाताने फोडायला जातात आणि ती उसवते भलतीकडूनच. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांना हा अपघात इतका ओळखीचा आहे, की लहान मूल, एक डोळा पांढरा भरलेला आणि रडारड एवढं दिसलं की पहिला प्रश्न चुन्याचाच असतो.

खायचा चुना म्हणून तो सौम्य असेल असं वाटतं. पानात किंवा तंबाखूत तो कणभर असतो. ट्यूबमधला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आणि त्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचं माप, साधारण १२.४ असतो. अश्रूंचा असतो ७ च्या आसपास. शिवाय ही पेस्ट चिकट. ती वरच्या पापणीच्या आत, अगदी वरच्या घडीत जाऊन बसते आणि तिथून थोडी थोडी विरघळत तासन्‌तास डोळा भाजत राहते. दहा मिनिटं धुतलं, डोळा बरा दिसला, मूल झोपलं, आणि सकाळी बुबुळावर धुरकट सावली, असं होण्यामागे बहुधा पापणीखाली राहिलेला हा कणच असतो. चुना, सिमेंट, पुट्टी, डिस्टेंपर यांच्यात निदान अर्धा तास धुवा असं सांगतात ते यासाठी.

खारघर-उलवे पट्ट्यात आणि घोडबंदरला सतत कुठे ना कुठे टाइल्सचं काम चालू असतं. शेजारच्या फ्लॅटमध्ये मिस्त्री सिमेंट कालवतोय आणि दारातून पोरं डोकावतायत, हे चित्र नेहमीचं. कोरडं सिमेंट किंवा चुन्याची भुकटी चेहऱ्यावर उडाली असेल तर डोळा मिटलेला असतानाच कपाळ, भुवई, पापण्यांवरची भुकटी कोरड्या मऊ कापडाने अलगद बाहेरच्या बाजूला झटका, आणि लगेच भरपूर पाणी. यात पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त घालवू नका.

धुवायचं कसं

‘डोळा धुवा’ म्हटलं की माणसं ओंजळीत पाणी घेऊन चार हबके मारतात. ते मिटलेल्या पापणीवर पडतं, आत काही जात नाही. आणि रसायन गेल्यावर मूल डोळा इतका घट्ट मिटतं की दोन बोटांनीही उघडत नाही. त्याचा हट्ट नसतो तो, पापणीचे स्नायू आपोआप आवळले जातात. त्यामुळे धुणं हे दोन माणसांचं काम आहे: एकाने धरायचं, एकाने डोळा उघडून पाणी ओतायचं. घरात एकटे असाल तर दार उघडून शेजाऱ्यांना हाक मारा, पण ते येईपर्यंत थांबू नका.

आधी स्वतःचे हात धुवा, एक सेकंद. चुन्याच्या हाताने डोळा उघडलात तर नवीन चुना घातलात. मुलाच्या अंगातला टीशर्ट भिजला असेल तर डोक्यावरून ओढून काढू नका, तो चेहऱ्यावरूनच जातो. कात्रीने पुढून कापा.

मग मुलाला टॉवेलात किंवा जुन्या चादरीत हातांसकट घट्ट गुंडाळा. हात मोकळे राहिले तर ते डोळा चोळणारच, आणि चोळण्याने कण कॉर्नियावर घासले जातात. चार-पाच वर्षांचं मूल असेल तर बेसिनच्या कडेवर किंवा मोरीच्या ओट्यावर आडवं घ्या. डोकं अशा बाजूला वळवा की लागलेला डोळा खाली येईल. पाणी नाकाच्या बाजूने ओता आणि कानाकडे वाहू द्या. उलटं केलंत तर नाकावरून वाहणारं पाणी चांगल्या डोळ्यात रसायन घेऊन जातं. तान्ह्या किंवा वर्षा-दीड वर्षाच्या बाळाला आपल्या आज्या पाय लांब करून, पायांवर निजवून न्हाऊ घालतात ना, ती बैठक यासाठी उत्तम आहे. बाळ निसटत नाही, मान एका बाजूला वळवून धरता येते आणि पाणी नाकातोंडात न जाता थेट मोरीत जातं.

डोळा उघडताना बोटं बुबुळावर दाबायची नाहीत. अंगठा गालाच्या हाडावर, तर्जनी भुवईच्या हाडावर ठेवून पापण्या लांब करा. बोटं ओली असल्याने पापणी निसटते, म्हणून बोटांखाली कोरडा रुमाल धरला की पकड बसते. ही छोटी युक्ती लक्षात ठेवा, कारण प्रत्यक्ष वेळी सगळं अडतं ते इथेच. मूल किंचाळताना डोळा वर फिरवतं, त्यामुळे खालचा भाग आपोआप धुतला जातो पण वरच्या पापणीखालचा राहतो. वरच्या पापणीचे केस चिमटीत धरून पापणी किंचित पुढे ओढा आणि त्या फटीत पाणी जाऊ द्या. समजत्या मुलाला खाली बघ, वर बघ, माझ्याकडे बघ, दाराकडे बघ असं सांगत राहा. न समजणाऱ्यासाठी दुसऱ्या माणसाने खालच्या बाजूला आवडतं गाणं लावून मोबाईल धरावा.

चुन्याचा पांढरा गोळा खालच्या पापणीत दिसत असेल तर स्वच्छ ओल्या सुती कापडाच्या टोकाने किंवा ओल्या कापसाने तो उचला. बुबुळावर चिकटलेलं काही खरवडू नका. पापणी पूर्ण उलटी करून आतला चुना काढणं डॉक्टरांचं काम आहे, त्यासाठी डोळा बधिर करावा लागतो.

धार कशी असावी? बारीक, सलग, चार-पाच इंचांवरून. टॉयलेटचा जेट स्प्रे वापरू नका, त्याचा दाब डोळ्याला इजा करतो. शॉवर मंद असेल तर चालेल. नळाला छोटी पाइप लावता आली तर फारच छान, नाहीतर तांब्या आणि बादली. दोन्ही डोळ्यांत गेलं असेल तर मुलाला उताणं निजवून नाकाच्या दांडीवर धार सोडा, दोन्हीकडे पाणी जातं. फक्त मधूनमधून त्याला श्वास घेऊ द्या. मोठ्या मुलीमुलांच्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती शोधत बसू नका. धुणं सुरू करा, बहुधा ती वाहून येते. नाही आली तर धुता धुता काढा.

घड्याळ लावा, अंदाज नको. मूल रडत असताना तीन मिनिटं पंधरासारखी वाटतात आणि प्रत्येक आईबापाला ‘झालं आता’ असं फार लवकर वाटतं. शाम्पू, अंगाचा साबण असला तर पाच-दहा मिनिटं पुरतात. टॉयलेट क्लीनर, फिनाईल, ब्लीच, काय होतं तेच माहीत नसेल तर वीस. चुना, सिमेंट, ड्रेनेज पावडर, टीसीएल असेल तर तीस, आणि वाटेतही चालू.

पाणी कुठलं, आणि नसेल तर

पिण्याचं पाणी शोधत बसायची गरज नाही. नळाचं, टाकीचं, पिंपातलं, फिल्टरचं, जे स्वच्छ पाणी हाताला पहिलं लागेल ते. घरात सलाईनची बाटली असेल तर उत्तम, पण ती आणायला मेडिकलमध्ये कोणाला पाठवू नका.

दोन गोष्टी मात्र आपल्या भागात खास बघाव्या लागतात. एप्रिल-मे मध्ये दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. मनगटावर घेऊन बघा. कढत असेल तर पिंपातलं किंवा माठातलं पाणी घेऊन सुरुवात करा आणि नळ तोवर सोडून ठेवा. कारखान्यांत डोळे धुवायची जी यंत्रं बसवतात त्यांच्या अमेरिकन मानकात पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअसमध्ये असावं, मिनिटाला दीड लिटर वाहावं आणि पंधरा मिनिटं चालावं असं म्हटलं आहे. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात किंवा तळोज्याच्या केमिकल कंपनीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, त्यांनी ती हिरव्या पाटीखालची यंत्रं पाहिलेली असतात. गंमत अशी की तीच माणसं घरी मुलाच्या बाबतीत दोन तांबे पाणी ओतून थांबतात.

त्या हिशेबाने पंधरा मिनिटांना साडेबावीस लिटर लागतात, म्हणजे पाण्याच्या वीस लिटरच्या एका जारपेक्षा जरा जास्त. तांब्याने ओताल तर सांडलवंड धरून दुप्पट. आता दुसरी गोष्ट आली: शटडाऊन. स्टेम (पाणी पुरवणारं प्राधिकरण), एमआयडीसी किंवा महापालिकेचं दुरुस्तीचं काम निघालं की ठाण्यात चोवीस तास पाणी बंद, आणि पुढचे दोन दिवस कमी दाबाने. अशा दिवशी सगळे भांडी-धुण्यासाठी पिंप भरतात. त्यातली एक झाकलेली बादली शेवटपर्यंत ठेवायची सवय लावा, लहान मूल असेल तर नक्कीच. घराबाहेर असाल, बागेत, लोकलमध्ये, तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला पिनेने चार भोकं पाडून बाटली दाबा, छान बारीक धार येते. रसवंतीवाला, चहावाला, कुणाच्याही पिंपावर हक्काने जा.

थंडीच्या दिवसांत किंवा एसी चालू असलेल्या घरात तान्ह्या बाळाला अर्धा तास पाण्याखाली धरलं तर ते गार पडतं. एसी-पंखा बंद करा, कोमट पाणी घ्या, अंगावरची ओली चादर मध्ये एकदा बदला. पण धुणं थांबवून नाही.

घरातले उपाय

दूध, अंगावरचं दूध, गुलाबपाणी, तूप, एरंडेल, मध, धन्याचं पाणी यांतलं काहीही घालू नका. कुणी वाईट हेतूने सुचवत नाही, पण तेल-तुपाने चुना पापणीत आणखी चिकटून बसतो आणि डॉक्टरांना आत दिसत नाही. दुधामधाने जंतुसंसर्गाची वाट मोकळी होते. त्याहून वाईट म्हणजे शाळेतल्या रसायनशास्त्राचा अर्धवट उपयोग: ॲसिड गेलं तर खाण्याचा सोडा, चुना गेला तर लिंबू किंवा व्हिनेगर. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता निघते, आणि ती डोळ्यातच निघते. शिवाय एका रसायनाच्या जागी दोन झाली.

फ्रिजमधले जुने ड्रॉप्सही नकोत. मेडिकलवाल्याने दिलेले, नावात ‘डेक्सा’ असलेले स्टेरॉइडचे ड्रॉप्स तर तपासणीशिवाय अजिबात नाहीत. रसायनाच्या इजेत स्टेरॉइड देतात हे खरं, पण ते डॉक्टर मोजून, साधारण पहिल्या आठवड्या-दहा दिवसांपुरतं देतात. पुढेही चालू राहिलं तर कॉर्निया विरघळायला मदत होऊ शकते. घट्ट पट्टीही बांधू नका. प्रवासात उजेड टोचत असेल तर टोपी पुढे ओढा.

दवाखान्यात जाताना

धुणं पूर्ण झाल्यावर निघा. मूल हसायला लागलं असेल तरी निघा. बाटली, ट्यूब, पुडी सोबत घ्या, किंवा लेबलचा फोटो काढा. दारावर येणारा फेरीवाला जुन्या पाण्याच्या बाटलीत जे ‘ॲसिड’ विकतो त्यावर लेबलच नसतं, तेव्हा ती बाटलीच झाकण घट्ट लावून, पिशवीत उभी ठेवून न्या. रसायन किती वाजता गेलं, किती मिनिटं धुतलं, हे लिहून ठेवा. केसपेपरवर हे दोन आकडे फार कामाचे असतात.

जवळचा चष्म्याचा दवाखाना रात्री बंद असतो, आणि प्रत्येक नर्सिंग होमला डोळ्याचा डॉक्टर ड्यूटीवर नसतो. म्हणून निघताना एक फोन: ‘आत्ता नेत्रतज्ज्ञ आहेत का?’ मेडिकल कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयांत निवासी डॉक्टर असतात, म्हणून तिथे आधी विचारा. ठाण्याच्या बाजूला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत नेरूळ आणि कामोठ्याची मेडिकल कॉलेजं. वाशीला महापालिकेचं रुग्णालय आहे. तिथे नेत्रतज्ज्ञ हजर नसले तरी कॅज्युअल्टीत धुणं पुढे चालू ठेवता येतं. गाडी नसेल, मूल लहान असेल तर १०८. पदार्थ विषारी आहे का हे विचारायला दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७. पण हे फोन मूल नळाखाली असताना दुसऱ्याने करायचे.

कॅज्युअल्टीत पहिली गोष्ट व्हायला हवी ती पुन्हा धुणं. डोळा बधिर करणारा थेंब टाकून, सलाईन किंवा तशाच रिंगर लॅक्टेटची बाटली शिरेतून सलाईन लावायच्या साध्या नळीने (आयव्ही सेटने) सोडतात, एक-दोन लिटर, गरज पडली तर कितीतरी जास्त. मग पापणी उलटून कण काढतात. आणि पीएच बघतात. लिटमससारखी कागदाची पट्टी खालच्या पापणीच्या आत टेकवायची, एवढंच. मात्र धुणं थांबवल्यावर पाचेक मिनिटं थांबून, नाहीतर सलाईनचाच पीएच येतो. सात ते साडेसातच्या आत आला, आणि थोड्या वेळाने पुन्हा तपासल्यावरही टिकला, तर धुणं पुरे. चांगल्या डोळ्याशी तुलना करता येते. आईबापांनी ‘पीएच बघितला का?’ आणि ‘वरची पापणी उलटून बघितली का?’ हे दोन प्रश्न नम्रपणे जरूर विचारावेत. गर्दीच्या वेळी नेमक्या याच दोन गोष्टी राहून जातात.

एक खूण फसवी असते. लालभडक डोळा बघून घरचे घाबरतात आणि लाली नसलेला डोळा बघून सुटकेचा श्वास सोडतात. रसायनाच्या इजेत कधीकधी उलटं असतं. बुबुळाच्या कडेला जिथे लाल व्हायला हवं तिथेच डोळा संगमरवरासारखा पांढराफटक दिसत असेल, तर तिथल्या रक्तवाहिन्या बंद पडल्या आहेत. त्या कडेला, लिंबसला, कॉर्नियाचं कातडं पुन्हा तयार करणाऱ्या मूळ पेशी राहतात. त्या गेल्या की जखम भरत नाही, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं आवरण हळूहळू बुबुळावर सरकतं. असा डोळा, दुखत नसला तरी, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात दाखवायचा. तीव्र भाजण्याने संवेदना देणाऱ्या नसाही मरतात, म्हणून दुखणं कमी असणं हा दिलासा नव्हे.

बाकीचे प्रसंग, थोडक्यात

फेविक्विक: छोटी ट्यूब डोळ्याच्या ड्रॉप्ससारखी दिसते, अंधारात गफलत होते. पापण्या चिकटल्या तर ओढू नका, कापू नका, नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नको. कोमट पाण्याने भिजवत राहा आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. बहुतेक वेळा काही दिवसांत त्या आपोआप सुटतात, पण आत कडक झालेला गोंद कॉर्नियाला खरचटतोय का हे बघायला हवं.

रुईचा चीक: शनिवारी मारुतीला रुईची माळ घालणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. पानं तोडताना पांढरा चीक हाताला लागतो आणि त्याच हाताने डोळा चोळला जातो. हा चीक विचित्र आहे. तो फार दुखू देत नाही, पण काही तासांनी दिसणं धूसर होतं, कारण कॉर्नियाच्या आतल्या थरावर त्याचा परिणाम होऊन ती सुजते. औषधांनी हे सहसा निवळतं. पण ‘दुखत नाही’ म्हणून घरी बसू नये. निवडुंग आणि शेराचा चीक मात्र प्रचंड दुखतो. धुणं दोन्हींत सारखंच.

टीसीएल: सोसायटीची टाकी धुताना, पावसाळ्यात पाणी शिरल्यावर, ही पावडर डब्यातून काढतात तेव्हा भपकारा उडतो. पोरांना त्या दिवशी गच्चीवर सोडू नये.

रंगपंचमी: वॉर्निशात कालवलेला चंदेरी रंग सर्वात वाईट. कोरडा गुलाल डोळ्यात गेला तर चोळण्याने त्याचे कण रुततात.

कार्बाइड गन: प्लास्टिकच्या पाइपातून कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून वाजवायचं हे प्रकरण २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अनेक मुलांच्या डोळ्यांवर बेतलं. कार्बाइड आणि पाण्यातून ॲसिटिलीन वायू आणि चुनाच तयार होतो. वाजली नाही म्हणून मूल नळीत डोकावतं आणि तेव्हाच ती पेटते. म्हणजे ज्वाळेने भाजणं आणि चुना, दोन्ही एकदम. इथेही आधी पाणी.

सॅनिटायझर: मॉलच्या, दवाखान्याच्या दारातले पायाने दाबायचे स्टँड मोठ्यांच्या कमरेएवढे असतात, म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलाच्या तोंडासमोर. त्यात निम्म्याहून जास्त अल्कोहोल असतं. पंधरा मिनिटं धुवा आणि दाखवा.

धोका मात्र सगळ्यात लहान मुलांना जास्त. अमेरिकेतल्या तातडीच्या विभागांच्या नोंदी तपासल्या तेव्हा डोळ्याला रसायन लागण्याचं प्रमाण कारखान्यातल्या तरुणांपेक्षा एक-दोन वर्षांच्या मुलांत जास्त निघालं. ओट्याखालचं कपाट, जिथे आपण सगळे टॉयलेट क्लीनर ठेवतो, ते नुकत्या चालायला लागलेल्या मुलाच्या बरोबर तोंडासमोर येतं.

डोळा बरा झाला असं घरच्यांना वाटल्यावर तपासण्या सुटतात. सुटू देऊ नका. डोळ्यातला दाब नंतर वाढू शकतो, पापणी आतून डोळ्याला चिकटू शकते, मोतीबिंदू होऊ शकतो. आणि सात-आठ वर्षांखालच्या मुलात आणखी एक प्रश्न असतो: बुबुळावर छोटासा डाग राहिला तरी मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि डोळा आळशी होतो. मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याला सगळं छान दिसत असतं. घरी बघायचं असेल तर चांगला डोळा हाताने झाका. मूल चिडून हात बाजूला सारत असेल, आणि दुसरा झाकल्यावर मात्र शांत बसत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, हा उपचार जितका लवकर सुरू होईल तितका लागू पडतो.